सिलेक्शन सेव्ह केल्यावर कडा तुटतात: तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: नव्या आवृत्तीत सेव्ह केलेल्या सिलेक्शनमधील करड्या छटा नाहीशा होणे

महोदय,

दादर पश्चिमेच्या आमच्या स्टुडिओत लग्नाचे अल्बम आपल्याच फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरवर तयार होतात. वर्षाची वर्गणी आगाऊ भरलेली आहे. ताज्या अपडेटपासून मात्र सेव्ह केलेल्या सिलेक्शनवर, म्हणजे फोटोतल्या निवडलेल्या भागावर, भरवसा ठेवता येत नाही.

दोष असा दिसतो. नवरीभोवती लॅसोने (हाताने रेघ ओढून निवडायच्या साधनाने) सिलेक्शन करा, २ पिक्सेल फेदर द्या म्हणजे कड मऊ होईल, केसांची कड ब्रशने सुधारा आणि सिलेक्शन अल्फा चॅनेलमध्ये, म्हणजे निवड करड्या छटांत साठवणाऱ्या चित्रात, सेव्ह करा. तो चॅनेल ४०० टक्के झूमवर उघडून कडेवर कर्सर फिरवला, तर आकडे फक्त ० (काळा, न निवडलेला) किंवा २५५ (पांढरा, पूर्ण निवडलेला) येतात. मधली एकही छटा नाही. १२८ च्या वरचे सगळे पांढरे, खालचे सगळे काळे. जुन्या आवृत्तीत याच फोटोवर सगळ्या छटा शाबूत राहतात. फाइल बंद करण्याआधीच हे घडते, त्यामुळे दोष टिफ फाइलचा नाही. सिलेक्शनवरून थेट लेयर मास्क (नको तो भाग झाकणारा पडदा) केला तर कड नीट येते. म्हणजे बिघाड नेमका ‘सेव्ह सिलेक्शन’मध्ये आहे.

याचा फटका मुंडावळ्यांना बसतो. दोन मोत्यांमधला दोरा जेमतेम एक-दोन पिक्सेलचा असतो आणि तो अर्ध्याहून कमीच निवडला जातो. तो पुसला जातो, मोती अधांतरी लटकतात. कपाळावरच्या बटा जातात, आणि ज्या उरतात त्यांना मागच्या लॉनचा हिरवा रंग चिकटलेला असतो. १२ × ३६ इंची पानावर, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), नवरी कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते. असा अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात देता येत नाही.

आपल्या प्रतिनिधींनी स्क्रीनवरची सरकती तुटक रेघ पाहून ‘सिलेक्शन बरोबर आहे’ असे कळवले. ती रेघ ५० टक्क्यांच्या सीमेवरच काढली जाते. त्यामुळे चांगल्या आणि बिघडलेल्या सिलेक्शनची रेघ सारखीच दिसणार. तपासायचा तो चॅनेल. पुन्हा फेदर द्या, हा सल्लाही चुकीचा आहे. फेदरने सगळी कड सरसकट धूसर होते. शालूच्या काठाला ते चालून जाईल, पण गेलेली बट परत येत नाही.

आमच्या मागण्या: हा दोष लेखी मान्य करावा, दुरुस्ती होईपर्यंत जुनी आवृत्ती डाउनलोडसाठी खुली ठेवावी आणि तेवढ्या काळाने वर्गणीची मुदत वाढवावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल करू. मूळ फोटो आणि दोन्ही आवृत्त्यांतील चॅनेल सोबत जोडले आहेत.

आपले,
स्टुडिओचा एडिटिंग विभाग
दादर (पश्चिम), मुंबई ४०० ०२८