सूझाच्या किमती पुरे, चित्रांवर लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

चित्रकार एफ. एन. सूझाचं नाव आलं की बातमी लिलावाच्या आकड्याचीच, चित्राबद्दल कोणी दोन ओळी लिहीत नाही, हे खरंच खटकतं. गोव्यातल्या साळगावचा हा माणूस 1949 ला लंडनला गेला, सुरुवातीची वर्षं फार ओढगस्तीत काढली, 1955 ला तिथल्या ‘गॅलरी वन’ या कलादालनातल्या प्रदर्शनाने नाव झालं, पुढे 1967 ला न्यूयॉर्क. पण त्याची ती जाड काळी रेघ बघा ना, डोळे पार कपाळावर चढवलेले, आणि 1959 चं ‘क्रुसिफिक्शन’, त्यातला ख्रिस्त काळा, काटेरी, अजिबात गोडगोड नाही! गोव्यातल्या चर्चमध्ये लहानपणी बघितलेलं तो परदेशात रंगवत राहिला. ‘क्रुसिफिक्शन’ हे चित्र लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे. रविवार पुरवणीत त्याच्यावर एक पान द्याच, आणि रंगीत द्या.

– एक वाचक, म्हापसा