सईच्या बास्केटबॉलबद्दल, बाबांच्या प्रश्नाला उत्तर

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "सईनं बास्केटबॉल खेळून पुढे काय?" सई शेजारीच बसली होती, म्हणून मी विषय बदलला. तसंही फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं राहूनच जातं. म्हणून लिहिते आहे.

आमच्या कोलंबियात, म्हणजे अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्याच्या या राजधानीत, डॉन स्टेली या बाईंना ओळखत नाही असा माणूस सापडणं अवघड. इथल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या त्या कोच. २०२५ मध्ये गावात त्यांचा पुतळा बसवला. शिडीवर उभ्या, हातात बास्केटची जाळी. स्पर्धा जिंकली की ती जाळी कापून घ्यायची इथे पद्धत आहे. जिवंत माणसाचा पुतळा बाबांना रुचणार नाही, मलाही जरा चमत्कारिकच वाटलं.

बाईंचा जन्म १९७० चा, फिलाडेल्फियातल्या गरिबांच्या सरकारी वसाहतीतला. पाच भावंडांत धाकट्या. वस्तीतल्या मुलांबरोबर खेळूनच तयार झाल्या. उंची साडेपाच फूट, म्हणजे या खेळात बुटक्याच. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून तीनदा देशातल्या शेवटच्या चार संघांत पोचल्या, पण विजेतेपद एकदाही नाही. १९९१ चा अंतिम सामना जादा वेळेत हरल्या, तरी स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड त्यांचीच झाली.

आणि बाबा, १९९२ मध्ये पदवी घेतल्यावर तुमचाच प्रश्न त्यांच्यापुढे उभा होता. तेव्हा अमेरिकेत बायकांची व्यावसायिक लीगच नव्हती. मग फ्रान्स, इटली, स्पेन, ब्राझील, जिथे पैसे मिळतील तिथे जाऊन खेळल्या. १९९६ मध्ये ऑलिंपिकचं सुवर्ण मिळालं, त्याच वर्षी देशात एक लीग निघाली आणि दोन-अडीच वर्षांत बुडालीही. १९९९ पासून त्या डब्ल्यूएनबीए या बायकांच्या दुसऱ्या व्यावसायिक लीगमध्ये शार्लट शहराच्या संघाकडून खेळू लागल्या.

कोच व्हायचं त्यांच्या मनात मुळीच नव्हतं. २००० मध्ये फिलाडेल्फियाच्याच टेंपल विद्यापीठानं गळ घातली. कामगिरी यथातथा असलेला संघ होता, तो वर काढता येतो का बघा, असं आव्हान दिल्यावर त्या तयार झाल्या. डब्ल्यूएनबीए उन्हाळ्यात आणि कॉलेजचे सामने हिवाळ्यात, त्यामुळे सहा-सात वर्षं त्यांनी दोन्ही सांभाळलं. उन्हाळ्यात स्वतः पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ चालवणारी खेळाडू, म्हणून खेळायचं आणि हिवाळ्यात बाकाजवळ उभं राहून पोरींना ओरडायचं! अधूनमधून ऑलिंपिकची आणखी दोन सुवर्णं. २००४ मध्ये अथेन्सला अमेरिकेचा झेंडा त्यांच्याच हाती होता.

२००८ मध्ये त्या इथे आल्या. पहिल्या वर्षी १० सामने जिंकले, १८ हरले. मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतलं हेच वर्ष जास्त आवडतं. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद २०१७ मध्ये आलं, म्हणजे मध्ये नऊ वर्षं गेली. त्या संघातली खेळाडू एजा विल्सन इथून जवळच्या हॉपकिन्स गावची मुलगी. मग २०२२, आणि २०२४ मध्ये तर ३८ पैकी ३८ सामने जिंकले. आता त्यांचा पगार वर्षाला सुमारे ४० लाख डॉलर आहे. बाबा, हा आकडा खास तुमच्यासाठी.

आई, तुला मात्र त्यांच्या आईची गोष्ट सांगायची आहे. एस्टेल मूळच्या याच राज्यातल्या. वर्णभेदाच्या काळात घरच्यांबरोबर लहानपणीच हे राज्य सोडून फिलाडेल्फियाला गेल्या, लोकांच्या घरी कामं केली, मुलं वाढवली. म्हातारपणी लेकीमुळे पुन्हा इथे आल्या. लेकीचं पहिलं विजेतेपद पाहिलं आणि चारेक महिन्यांनी गेल्या.

आणखी एक. पर्ड्यू विद्यापीठाला १९९९ मध्ये विजेतेपद मिळवून देणाऱ्या कॅरोलिन पेक यांनी आपल्या जाळीचा तुकडा स्टेलींना दिला होता. तू जिंकलीस की परत कर, म्हणून. स्टेलींनी नंतर आपल्या २०१७ च्या जाळीचे तुकडे करून देशभरातल्या कृष्णवर्णीय महिला कोचना पाठवले.

सई काही डॉन स्टेली होणार नाही, हे मला कळतं. शाळेच्या संघातही अजून ती बराच वेळ बाकावरच असते. पण बाकावर बसून ती समोरच्या संघाचे पास मोजते आणि घरी येऊन मला कागदावर बाण काढून समजावते. गणिताच्या मार्कांनाही अजून धक्का लागलेला नाही. मी तिला खेळू देणार आहे. बाबा, तिला दर रविवारी अभ्यासाचं विचारा, हरकत नाही, पण आधी सामन्याचं विचारा.

डिसेंबरात येणार आहातच, तेव्हा सामने ऐन रंगात असतील. स्टेडियममध्ये अठरा हजार माणसं मावतात आणि आवाज फार होतो, बाबांच्या कानाच्या यंत्राचे सेल जास्तीचे घ्या. माझ्यासाठी मेतकूट, सईसाठी काजूकतली. आणि आई, या वेळी स्वेटर बॅगेत वरच ठेव.

तुमची,
मेघा