नालेसफाई मेमध्ये, गारा मार्चमध्ये : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

पुढच्या अवकाळीत शहरातली वाहतूक ठप्प होणार नाही, असा शब्द मागच्या गारपिटीनंतर आपण दिला होता. परवा पुन्हा गारा पडल्या आणि संध्याकाळभर शहर जागचं हललं नाही. रुग्णवाहिका, शाळेच्या बस, रावेर-सावद्याकडच्या केळीच्या गाड्या, सगळ्या एकाच रांगेत.

पारा 44-45 ला गेला तरी खान्देश सोसतो. रस्त्यावर बर्फ साचला की काय करायचं, हे मात्र ना चालकाला ठाऊक, ना महापालिकेला. सात मीटर रुंद रस्त्यावर दोन सेंटीमीटर गारा साचल्या, तर किलोमीटरला 140 घनमीटर होतात. मधली पोकळी वजा केली तरी 70-80 टन बर्फ! खालचं डांबर दिवसभर तापलेलं, त्यामुळे तळचा थर आधी वितळतो आणि वरच्या गारा त्या पाण्यावर सरकतात. दुचाकीवाल्याने पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी. ट्रकच्या चाकांखाली गारा दाबून लादी बनते, ती लवकर विरघळत नाही.

पण खरी कोंडी सुरू होते गटाराच्या जाळीवर. फाल्गुन-चैत्रात कडुनिंब-पिंपळाची पानगळ. त्यात गारा उरलासुरला पाला झोडपून काढतात आणि दोन्ही मिळून जाळीवर बूच बसतं. पाणी उतरत नाही, रेल्वेखालचा बोगदा भरतो, सगळी वाहतूक एकाच पुलावर येते. तेवढ्यात वीज जाते, सिग्नल बंद पडतात. डोकं वाचवायला दुचाकीवाले उड्डाणपुलाखाली थांबतात आणि तीही वाट अडते. त्यांना दोष कसा द्यायचा? दुसरा आडोसाच नाही.

आणि आपली नालेसफाई मेअखेरीस! गारा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

जाळ्या फेब्रुवारीतच साफ करा, नंतर दर आठवड्याला पाला उचला. हवामान खात्याचा तातडीचा इशारा पुढच्या तीन तासांपुरता असतो. तो येताच बोगद्यापाशी दाताळं-फावडं घेऊन दोन माणसं उभी करा. आधी पाला ओढायचा, मग गारा. पाणी फूटभर चढायच्या आत बॅरिकेड लावा, तेही अलीकडच्या चौकात. बोगद्याच्या तोंडाशी लावलं तर ट्रकला वळायला जागा उरत नाही. जेसीबीने गारा कडेला ढकलताना जाळी मोकळी ठेवा. मीठ नको, आपल्या हवेत बर्फ तसाही वितळतो. चढ-उतारावर कच टाका.

33 टक्के नुकसानीची अट लावून का होईना, शेताचा पंचनामा तरी होतो. शहराचा कोण करतो? आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा. आराखडे दरवर्षी छापता, आणि गटार तुंबलं की रस्तेवाले आरोग्य विभागाकडे बोट दाखवतात, आरोग्यवाले उद्यान विभागाकडे. कर भरून आम्ही हेच किती वर्षं ऐकायचं?

बोगद्याच्या जाळ्यांसाठी एक अधिकारी नेमा आणि त्याचं पद व फोन नंबर बोगद्याच्या भिंतीवर ठळक रंगवून घ्या. पुढच्या फेब्रुवारीच्या आत.

आपला,
खान्देशातला एक करदाता