तक्रार: अपडेटनंतर न सांगता मुका होणारा हेल्मेट इंटरकॉम आणि तुमची टेबलावरची चाचणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज दुपारी तुमच्या मदत केंद्राशी सातव्यांदा बोलले आणि फोन ठेवून थेट हे पत्र लिहायला बसले. दोन गाड्यांवरच्या दोघांना हेल्मेटमधून एकमेकांशी बोलू देणारं यंत्र काय आहे, हेल्मेटला कुठे बसतं, हे तुम्हाला सांगत नाही. ते तुम्हीच बनवता. बिघाड सांगते.

नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, टाकल्यापासून फोनवरच्या नकाशाने वळणाची एक सूचना दिली की इंटरकॉम बंद पडतो. सूचना संपते, पण इंटरकॉम परत येत नाही. बीप वाजत नाही, संपर्क तुटल्याची घोषणा होत नाही, दिवा निळाच लुकलुकत राहतो. ॲपमध्ये दोन्ही युनिटं जोडलेली दिसतात. अपडेटच्या आधी हेच यंत्र सूचना येताना माझ्या भावाचा आवाज खाली करायचं आणि सूचना संपली की पुन्हा वर आणायचं. आठ महिने हे विनातक्रार चाललं. म्हणजे या हार्डवेअरला ते जमतं. जमत होतं ते तुम्ही काढून घेतलंत.

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही दोघं उतारावर होतो. दादा पुढे, मी चाळीसएक मीटर मागे. एका वळणाच्या मधोमध खडी सांडलेली होती. दादा म्हणाला, 'खडी आहे, डावीकडून घे.' दोनदा म्हणाला. मला एक शब्द ऐकू आला नाही. पुढचं चाक खडीवर गेलं, हँडल हातातून निसटल्यासारखं झालं. मी पडले नाही ते केवळ वेग कमी होता म्हणून. पुढे थांबलो तेव्हा दादा संतापलेला होता. सांगितलेलं ऐकत का नाहीस, म्हणाला. मी म्हटलं, सांगितलंस कधी? त्याच्या हेल्मेटवर निळा दिवा, माझ्या हेल्मेटवर निळा दिवा. रस्त्याच्या कडेला आम्ही दहा मिनिटं भांडलो, तेव्हा कुठे लक्षात आलं की संपर्क मागच्या फाट्यावरच्या सूचनेपासूनच गेलेला होता.

हे नीट वाचा, कारण सात फोनमध्ये एकालाही समजावता आलेलं नाही. गाडीवर आम्ही सतत बोलत नाही. दहा-दहा मिनिटं कोणी तोंड उघडत नाही. त्यामुळे पुढचा गप्प आहे की संपर्क गेला आहे, हे यंत्राने सांगितलं तरच कळतं. इंटरकॉम पूर्ण मेला असता तर मला चाललं असतं. मेलेल्या यंत्रावर कोणी विसंबत नाही. तुमचं यंत्र घेण्याआधी आम्ही खुणांवर चालायचो: डावीकडे खड्डा असेल तर डावा हात खाली, उजवीकडे असेल तर उजवा पाय बाहेर, कारण उजवा हात ॲक्सिलरेटरवरून हलवता येत नाही. त्या दिवशी दादाने ना हात खाली केला, ना पाय बाहेर काढला. त्याने तोंडाने सांगितलं होतं, आणि त्याच्या मते मी ते ऐकलं होतं. 'जोडलेलं आहे' असं तुमचं यंत्र त्याला सांगत होतं.

आता आजचा फोन. एकोणीस मिनिटं थांबल्यावर तुमचा प्रतिनिधी आला. मी आधीच्या सहा तक्रारींचे क्रमांक दिले. त्यातला एकही त्याच्या समोर उघडला नाही, म्हणून त्याने सातवा दिला. मग त्याने विचारलं, 'मॅडम, तुम्ही मागे बसता ना?' मी म्हटलं, माझी गाडी मी चालवते. 'अच्छा, मिस्टरांची गाडी वेगळी.' भाऊ आहे, म्हटलं. मग म्हणाला, 'दोन्ही युनिटं टेबलावर ठेवा आणि बोलून बघा.' मी घरच्या दुसऱ्या फोनवरून बोलत होते, दादा शेजारीच होता. युनिटं ठेवली, बोललो. 'आवाज येतोय?' येतोय, म्हटलं. 'मग युनिट ओके आहे, मॅडम. तुमची तक्रार बंद करतो.'

मी त्याला थांबवलं. म्हटलं, बंद करू नका, आता मी नकाशा लावते आणि तुम्ही फोनवर ऐका. माझं युनिट जोडलेलं होतं त्या फोनवर नकाशा सुरू केला. पहिली सूचना आली. 'दादा, बोल' म्हटलं. दादा बोलला. माझ्या स्पीकरमध्ये शुकशुकाट. टेबलावर, दोन फुटांवर, दोन्ही दिवे निळे. म्हटलं, ऐकलंत? बिघाड तुमच्या समोर झालाय. तुमचा प्रतिनिधी थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, 'मॅडम, मग नकाशा लावू नका ना.'

मी म्हटलं, खोक्यावर नकाशाची सूचना आणि इंटरकॉम एकाच वेळी चालतात असं छापलेलं आहे, आणि तेवढ्यासाठीच मी हे मॉडेल घेतलं. तर म्हणाला, 'बोलायचं असेल तेव्हा गाडी बाजूला घेऊन बोला, सेफ्टीसाठी तेच चांगलं.' गाडी बाजूला घेतल्यावर आम्ही हेल्मेट काढून बोलतो. त्यासाठी तुमचं यंत्र लागत नाही.

मी म्हटलं, टेबलावर दिसलेला बिघाड नोंदवून घ्या. त्यावर उत्तर आलं की टेबलावरची चाचणी बिघाडाचा पुरावा म्हणून धरता येत नाही, चालत्या गाडीवरचा व्हिडिओ पाठवा, त्यात युनिटचा दिवा दिसला पाहिजे. पाच मिनिटांपूर्वी याच माणसाने याच टेबलावरून माझं युनिट चांगलं ठरवलं होतं. पास करायला टेबल चालतं, नापास करायला चालत नाही, हा नियम कोणी केला? आणि दिवा माझ्या हेल्मेटच्या डाव्या गालावर आहे, मलाच तो गाडीवर दिसत नाही. त्याचं चित्रण करायला एका हाताने गाडी चालवायची का? हेच तुमचं केंद्र मला सेफ्टी शिकवत होतं! एवढं बोलून झालं तोवर फोन कटला होता.

मागच्या ईमेलात तुम्ही आसपासच्या वायफायमुळे अडथळा येत असावा असं लिहिलंत. यातलं थोडंफार मलाही कळतं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, वायफायही तिथेच असतं, हे खरं. पण या गर्दीतून वाट काढण्यासाठीच क्लासिक ब्लूटूथ ७९ चॅनलांवर, म्हणजे त्या पट्ट्याच्या तुकड्यांवर, सेकंदाला १६०० उड्या मारतं आणि गजबजलेले चॅनल टाळतं. शिवाय त्या उतारावर कसलं वायफाय? अडथळ्याने आवाज तुटक येतो, खरखरतो, आणि अडथळा सरला की परत येतो. इथे आवाज दर वेळी सूचनेच्या क्षणी जातो आणि हाताने पुन्हा जोडल्याशिवाय येत नाही. हा तुमच्या सॉफ्टवेअरचा दोष आहे. वळणाआड गेल्यावर रेंज कमी होते, इंटरकॉमवरचा आवाज गाण्यासारखा भरदार नसतो, शंभरच्या वेगाला वाऱ्यापुढे काहीच धड ऐकू येत नाही, यातल्या कशाचीही तक्रार मी कधी केली नाही. ते समजून घेऊनच यंत्र घेतलं होतं.

अपडेटनंतर बॅटरीही निम्म्या वेळात उतरते. ते सध्या बाजूला ठेवते.

आणि कृपा करून मला पुन्हा 'फॅक्टरी रीसेट करून बघा' असं लिहू नका. अकरा वेळा केलं आहे. प्रत्येक वेळी फोन, दादाचं युनिट, सगळं नव्याने जोडावं लागतं आणि पहिल्या सूचनेला तोच प्रकार होतो. प्रत्येक फोनवर नवा माणूस, नवा क्रमांक आणि पुन्हा तेच रीसेट. अकरा वेळा.

माझ्या मागण्या अशा. या मॉडेलसाठी आधीचं फर्मवेअर परत उपलब्ध करून द्या. जुनं टाकता येत नाही असं तुमचं केंद्र म्हणतं. ते येऊ द्यायचं की नाही हे तुमच्या हातात आहे. ते देणार नसाल तर दोन्ही युनिटं परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या. आणि मला काहीही द्या किंवा देऊ नका, पण संपर्क तुटला की हेल्मेटमध्ये आवाज करून सांगण्याची सोय सगळ्यांच्या युनिटमध्ये तातडीने घाला. तोवर हे अपडेट थांबवा आणि ते टाकलेल्या प्रत्येकाला कळवा. आमच्यासारखे कितीतरी जण आज निळ्या दिव्यावर भरवसा ठेवून एकमेकांच्या मागे चालले असतील.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी ग्राहक आयोगात जाणार आहे. टेबलावरच्या बिघाडाचं चित्रीकरण दादाने केलं आहे, ते जपून ठेवलं आहे. ओळखीच्या चार रायडरांना मी आग्रहाने तुमचं यंत्र घ्यायला लावलं होतं. त्या चौघांना आज मी फोन करून अपडेट टाकू नका म्हणून सांगितलं. हे फोन तुम्ही करायला हवे होते. तुमच्या कंपनीचं नाव मी कौतुकाने घ्यायचे, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आपली,
एक ग्राहक

ता. क. दुसऱ्या तक्रारीच्या वेळी तुम्ही माइकसकट पूर्ण संच तपासणीला मागवला होता. तो 'दोष आढळला नाही' अशा चिठ्ठीसह परत आला, पण माइकवरची फोमची टोपी आली नाही. तिच्याशिवाय वारा थेट माइकमध्ये घुसतो आणि दादाला माझ्या शब्दांऐवजी घोंगावणंच ऐकू येतं. ती टोपी मी तेव्हापासून तीनदा मागितली आहे. ती पाठवा.