पाळंमुळं नाट्यसंगीतात

आशा भोसले यांच्याबद्दल लिहिताना बहुतेक जण ओ. पी. नय्यर आणि राहुलदेव बर्मन या संगीतकारांपासून सुरुवात करतात. हे मला खटकतं. आशाबाईंचा पाया त्याआधीचा आहे, तो घरातला आहे. 'बलवंत संगीत मंडळी' ही संगीत नाटक कंपनी चालवणारे गायक-नट मास्टर दीनानाथ हे त्यांचे वडील. ते १९४२ साली गेले, आणि पुढच्याच वर्षी या नऊ-दहा वर्षांच्या मुलीनं संगीतकार दत्ता डावजेकरांकडे 'माझं बाळ' या मराठी चित्रपटासाठी गायलं.

पुढे पाश्चात्त्य ठेक्यावर गाताना त्या श्वासाचा, हुंकाराचाही लयीत वापर करू लागल्या. पण नीट कान देऊन ऐका. शब्दाच्या शेवटी झटकन येणारी हरकत (सुरांची छोटी, चपळ वळणं) आणि लगेच नेमकी गाठलेली सम (तालाची पहिली मात्रा), ही नाट्यपदांचीच देणगी! 'उमराव जान'साठी (१९८१) खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं. त्या गझलांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांच्याबरोबर पारंपरिक बंदिशींचं ध्वनिमुद्रण तर साठी ओलांडल्यावरचं.

आशाबाईंवरील लेखांत त्यांच्या नाट्यगीतांना एखाद्या ओळीपेक्षा जास्त जागा मिळावी, ही विनंती.

– एक वाचक