मंजूस पत्र: मुलांच्या पुस्तकांवर लिहायचं म्हणतेस तर

सांगली
रविवार, रात्री

प्रिय मंजू,

तुझा मेसेज परवाच वाचला पण दोन ओळीत उत्तर देववेना म्हणून पत्रच लिहायला बसले. दिवाळी अंकासाठी मुलांच्या आणि कुमारांच्या बारा पुस्तकांवर लिहायचंय, त्यात चित्रपुस्तकंही आहेत, रहस्यकथा, विज्ञानकथा, कविता, कादंबऱ्याही, आणि तू विचारतेस की या सगळ्यांना मोजपट्टी कुठली लावू. अगं मला हाच प्रश्न सहा वर्षांपूर्वी पडला होता आणि तेव्हा मी जे केलं ते तू करू नकोस, एवढ्याचसाठी हे पत्र.

मी काय करायचे, तर पुस्तक एका बैठकीत संपवायचे, मलपृष्ठावरचा मजकूर बघायचे आणि लिहायचे की भाषा ओघवती आहे, चित्रं आकर्षक आहेत, पुस्तक संस्कारक्षम आणि संग्राह्य आहे. असे कितीतरी परिचय छापून आले. मग आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारचं वाचनालय सुरू झालं, दोन कपाटं आणि एक सतरंजी, आणि मी भरभरून कौतुक केलेलं एक पुस्तक आठवीतली एक मुलगी घेऊन गेली. पुढच्या रविवारी परत घेऊन आली तर आत खूण म्हणून एसटीचं तिकीट, पान ४२ वर. म्हटलं पुढे का नाही वाचलंस? तर म्हणाली, "ताई, इथपर्यंत गोष्ट होती, इथून पुढे सर बोलायला लागले." मी पान उघडलं. जंगलात वाट चुकलेला मुलगा नदीकाठी बसलाय, अंधार पडतोय, आणि लेखक दीड पान पर्यावरणाचं महत्त्व सांगतोय. मंजू, मी परिचयात नेमकं त्याच दीड पानाला 'मोलाचा संदेश' म्हटलं होतं. फार लागलं मनाला, कारण ती पोरगी माझ्या शब्दावर ते पुस्तक घेऊन गेली होती.

तेव्हापासून वही ठेवलीय. कुठलं पुस्तक, कोण कितवीतलं, आणि कुठल्या पानावर थांबलं. मी पुस्तकाबद्दल लिहायला बसते ती ही वही शेजारी उघडी ठेवून.

तू 'संस्कार' हा शब्द वापरशील तेव्हा एकदा 'श्यामची आई' आठव. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि आजही लोक कुठल्याही मुलांच्या पुस्तकाला तीच फूटपट्टी लावतात. पण मुलांना त्यातलं काय आठवतं विचार. पोहायला घाबरून लपून बसलेला श्याम आणि त्याला मारून बाहेर काढणारी आई. कारण ती भीती खरी आहे, तो मार खरा आहे, आणि नंतर आईचं रडवेलं होणंही खरं आहे. उपदेश आहे त्या पुस्तकात, भरपूर आहे, पण तो प्रसंगाच्या पोटातून येतो. हा फरक परीक्षणात सांगता आला पाहिजे, नुसतं संस्कारक्षम म्हणून भागत नाही.

आता प्रकारांचं. चित्रपुस्तक आधी मजकूर झाकून बघ. चित्र शब्दांच्या पलीकडचं काही सांगतंय का? माधुरी पुरंदरेंची पुस्तकं मुलं पुन्हा पुन्हा मागतात त्याचं एक कारण मला हे वाटतं की चित्रातलं घर खरंखुरं राहतं घर असतं, पसारा असतो, आणि वाचता न येणारं मूलसुद्धा बोट ठेवून काहीतरी सांगत बसतं. गडद रंगावर बारीक अक्षरं छापली असतील तर तेही लिही, सहा वर्षाच्या पोराला ते वाचता येत नाही हा पुस्तकाचाच दोष आहे. कविता मात्र मनात वाचून तिच्यावर लिहू नकोस. मोठ्यांदा म्हण, जमलं तर मुलांबरोबर म्हण. विंदांची बालकविता म्हणताना मुलं आपोआप ताल धरतात, आणि यमकासाठी ओढूनताणून आणलेला शब्द जिभेला लगेच कळतो.

रहस्यकथेत मी एकच बघते, सगळे धागे वाचकाला दिलेत का. शेवटच्या पानावर कुणी मामा अचानक उगवून गुन्हा कबूल करत असेल तर मुलं चिडतात आणि बरोबरच चिडतात. फास्टर फेणे अजून चालतो का असं तू विचारलंयस, तर चालतो. भा. रा. भागवतांचा तो फुरसुंगीचा काटकुळा पोरगा सायकलवर टांग मारून निघतो आणि 'ट्टॉक' करतो, त्याला कुणी मोठ्या माणसाने पाठवलेलं नसतं, आणि पाचवी-सहावीतल्यांना ते फार आवडतं. फक्त काळ जुना आहे, तेवढं पालकांना सांग.

अनुवादांवर मात्र जरा कडक हो. कुमारांसाठी आता बरंच अनुवादित येतं आणि त्यात सगळे जण खांदे उडवतात, डोळे फिरवतात, आपल्याकडे कोण असं बोलतं? याउलट 'तोत्तोचान' घे, चेतना गोसावींचा अनुवाद. तोक्योमधली शाळा, रेल्वेच्या जुन्या डब्यात भरणारे वर्ग, सगळं परकं, पण वाक्यं आपल्या घरातल्या पोरीची वाटतात. आमच्याकडच्या प्रतीची पानं सुटी झालीत.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे तेरा ते सोळा. इथे मराठीत कपाट रिकामंच दिसतं गं, आणि मुलं तोवर इंग्रजीकडे किंवा मोबाईलकडे गेलेली असतात. जी उरतात ती मोठ्यांच्या पुस्तकांकडे उडी मारतात. मिलिंद बोकीलांची 'शाळा' २००४ साली आली ती काही कुमारांसाठी म्हणून नव्हे, पण त्यातला मुकुंद नववीत आहे आणि आमच्याकडची नववीतली मुलं ती लपवून नेतात. मी आता उघड लिहिते की द्या, शिव्या आहेत, मुलींबद्दलचं बोलणं आहे, आणीबाणीचा काळ आहे तो थोडा समजावून सांगा, पण द्या. प्रकाश नारायण संतांचा लंपनही द्या, त्याची ती बेळगावकडची कानडी वळणाची बोली पहिली दहा पानं अडते आणि मग सुटतच नाही. एका आईने मला वाचनालयात येऊन सुनावलं होतं की असली पुस्तकं का ठेवता. मी त्यांना एवढंच म्हटलं की आधी तुम्ही घेऊन जा. त्यांनी नेलं, तीन आठवडे ठेवलं, आणि परत देताना मुलीच्या नावावर दुसरं घेतलं.

बाराच्या बारा पुस्तकांना सारखी जागा देऊ नकोस. चार पुस्तकांवर नीट लिही, बाकीच्यांवर दोन-दोन ओळी पुरेत. जे नाही आवडलं ते का नाही आवडलं ते पण लिही, लेखकाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलीस तर बिचाऱ्या मुलाला पान ४२ वर एकटं सोडल्यासारखं होतं.

उद्या कुरियरने तीन पुस्तकं पाठवतेय, दोन तुझ्या यादीतलीच आहेत. तू वाचायच्या आधी भाचीला दे आणि तिला काही विचारू नकोस, नुसती खूण कुठे राहते ते बघ. पान नंबर मला कळव, वहीत लिहायचाय.

तुझी,
सुमी