घाट भिंतीवरून चढवा, मिरजेचं नंतर बघू

श्टुटगार्ट

बाबा, तुम्हाला आणि आईला नमस्कार.

मिरजेचं घर बंद करून पावसाचे दोन महिने दादाकडे कुडचड्याला राहायला गेलात ते बरंच झालं, पण तिथे जाऊन आराम करायचा सोडून तुम्ही माडीवरच्या खोलीत दोन मजली मॉडेल रेल्वे बसवायला निघालात हे मला वहिनीकडून कळलं, नकाशाचा फोटोपण तिनेच पाठवला. नकाशा झकास आहे. खाली कुळे, वर आख्खं मिरज जंक्शन आणि कोपऱ्यात गोल गोल वर जाणारं चार फेऱ्यांचं हेलिक्स. माझं भांडण त्या हेलिक्सशी आहे, आणि थोडं मिरजेशी.

हेलिक्सचा हिशोब तुमचा बरोबर आहे हो. ६० सेंटीमीटर त्रिज्या म्हणजे एका फेरीला पावणेचार मीटर रूळ, त्यात १० सेंटीमीटर चढ, म्हणजे जवळजवळ ३७ला १ (३७ पुढे गेलं की १ वर), आणि कुळे ते कॅसलरॉकच्या आपल्या ब्रागांझा घाटाचा चढ तोच, ३७ला १. तुम्ही मुद्दाम जुळवलंत का आपसूक जुळलं माहीत नाही, पण बघून मजा वाटली. आता पुढचं बघा. चार फेऱ्या म्हणजे १५ मीटर रूळ फळ्यांच्या आत दडलेला. खऱ्या ३० किलोमीटरच्या वेगाला एचओमधे, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या हिश्श्याच्या मापात, गाडी सेकंदाला साडेनऊ सेंटीमीटर सरकते, म्हणजे कुळे सोडलं की अडीच मिनिटं गाडी गायब, आणि मग एकदम वर मिरजेत उगवणार. अहो पण घाट कुठे गेला मग? कुडचड्यात बसून रेल्वे करायची आणि शेजारचा घाटच खोक्यात कोंडायचा, हे काही मला पटत नाही.

म्हणून म्हणते चढ भिंतीच्या कडेकडेने उघड्यावर घ्या. पण तेवढ्याने भागत नाही हेही सांगते, कारण मी रात्री कागद घेऊन बसले होते. खोली १५ बाय १२ फूट, कोपरे गोल केले आणि भिंतीपासून थोडं अंतर सोडलं की एका फेरीचे साधारण १३ मीटर हाताला लागतात. त्यात कुळ्याला ३ मीटर सपाट हवेत, दूधसागर स्टेशनला २, कारण लूपमधे, म्हणजे बाजूच्या रुळावर, डबे उभे करायचे तर चढावर घरंगळणार. उरले ८ मीटर, त्याला ३७ने भागा, जेमतेम २१-२२ सेंटीमीटर. दोन मजल्यांत निदान ४० तरी पाहिजेत, नाहीतर खालच्या मजल्यावर घसरलेला डबा उचलायला हात कसा घालणार. मग उरलेल्या २० साठी हेलिक्स ठेवा पण दोनच फेऱ्यांचं, आणि खोलीकडची बाजू उघडी. इथून स्वित्झर्लंड जवळ, तिथली गोट्टहार्डची जुनी लाइन १८८२ची, चढ जवळपास आपल्या घाटाएवढाच, आणि वासेन गावाचं चर्च गाडीतून तीनदा दिसतं, कारण लाइन डोंगराच्या पोटात वळणं घेत घेत वर येते. आपल्याकडे उलटं, बघणारा जागेवर आणि गाडी दर फेरीला थोडी वर दिसेल. बाकी बोगदे. दूधसागरच्या लाइनवर बोगद्यांना काय तोटा.

एक लक्षात ठेवा, वळणावर गाडी जड होते, म्हणजे हेलिक्समधे इंजिनाला तो चढ अजून टक्काभर तरी जास्त वाटणार. डबे फार हलके असले तर ओढताना आतल्या बाजूला कलंडतात, आणि मागून बँकरने, म्हणजे चढावर ढकलायला लावलेल्या इंजिनाने, रेटलं तर मधेच उडतात. वजनाचा अमेरिकेतल्या मॉडेलवाल्यांचा रूढ नियम आहे, एचओ डब्याला १ औंस आणि वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. प्रत्येक डबा काट्यावर ठेवून बघा, आईचा स्वयंपाकघरातला चालेल.

आणि बँकर तर पाहिजेच! खरी गंमत तीच आहे. मुरगावहून कोळशाची गाडी कुळ्यात आली, मागे इंजिनं लागली, घाट चढली, घाटमाथ्यावर कॅसलरॉकला सुटली, आणि नुसती इंजिनं परत खाली. डीसीसी, म्हणजे डिजिटल कंट्रोल, घेतलं तर प्रत्येक इंजिनाला स्वतःचा नंबर, पुढचं तुमच्या हातात आणि मागचं चिंटूच्या, दोघांनी वेग जुळवायचा. फक्त कॅसलरॉक बरोबर कुळ्याच्या डोक्यावर आणू नका, जरा बाजूला सरकवा, नाहीतर तुम्ही दोघं एकाच जागी उभे राहून एकमेकांना कोपरं मारणार.

म्हणजे वरच्या मजल्यावर कॅसलरॉक. मिरज नाही. रागवू नका. आख्ख्या आयुष्याची नोकरी तिथे झाली हे मला कळतं, पण २६ किलोमीटरचा घाटच ८७ने भागला तर ३०० मीटर होतो, तो आपण हेलिक्स धरून वीसेक मीटरमधे कोंबतोय, मधली कारंझोळ आणि सोनावळी स्टेशनं गाळतोय, तिथे मिरजेचं यार्ड कुठून मावणार? मिरज म्हणजे कॅसलरॉकच्या पुढे एक अरुंद फळी, चार रूळ, गाड्या उभ्या करायला. पाटी हवी तर लावा.

दूधसागर धबधब्याचं तर विचारूच नका. ३१० मीटर म्हणजे एचओमधे साडेतीन मीटर, दादाचं छत त्याच्याहून खाली. तर त्या भिंतीवर वरचा मजला घेऊच नका, मोकळी सोडा, पूल मधे, धबधबा जमिनीपासून छतापर्यंत रंगवा. चिंटूच्या ड्रॉइंगच्या सरांना धरा.

आता घराचं. दादाच्या भिंती चिऱ्याच्या, त्यात रॉलप्लग भुसभुशीत होऊन निघतो, लायब्ररीतल्या पुस्तकांच्या फळ्यांसारखे इकडचे लोक भिंतीत ब्रॅकेट ठोकून मजले काढतात ते तिथे चालणार नाही. स्लॉटेड अँगलचे रॅक जमिनीवर उभे करा, वाळवीपासूनपण वाचेल. प्लाय बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या, ग्रेडचाच घ्या, कमर्शियल गोव्याच्या पावसात फुगतो आणि मग रुळांच्या लाटा होतात. सुताराला सांगा कडासुद्धा रंगवायच्या. रूळ निकेल सिल्व्हरचे, पितळी नको, खाऱ्या हवेत ते सतत घासत बसावं लागतं.

एचओचं गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, १६.५ मिलिमीटर आहे, ब्रॉडगेजला १९च्या वर हवं, ते तुमच्या डोळ्याला खुपणार हे मला माहीतच आहे. जुनं मीटरगेज करायचं तर १२चा ट्रॅक इथे मिळतो, पण वायडीएम-४ हे मीटरगेजचं डिझेल इंजिन तुम्हालाच घडवावं लागेल. आणि दादा मर्कलिन मर्कलिन करतोय त्याला सांगा, त्या जर्मन मॉडेल कंपनीचा कारखाना माझ्यापासून जवळ आहे म्हणून स्वस्त पडत नाही, आणि त्यांची एचओ तीन रुळी पद्धत आहे, दोन रुळांच्या गाड्या त्यावर चालत नाहीत.

माझी मैत्रीण नोव्हेंबरमधे येतेय, तिच्याबरोबर डिकोडर (डीसीसीसाठी इंजिनात बसवायची चिप) आणि थोडे फ्लेक्सी ट्रॅक, म्हणजे हवे तसे वाकवता येणारे रूळ, देईन, एकेक यार्डभर लांब असतात, तिची बॅग मोठी आहे. १६.५ का १२ ते त्याआधी ठरवा. दाराची रुंदी आणि खिडकीच्या चौकटीची उंची टेप लावून कळवा, अंदाजाने नको, दारातून उचलता पूल करावा लागणार आहे आणि वहिनीने वाळत घालायची दोरी त्याच खोलीत बांधलीय असं कळलं, तिचं आधी मिटवा.

तुमची
बबी